सात चादरी

दार ढकललं आणि वास अंगावर आला. मी तयारीनिशी गेले होते. रुमालावर घरूनच कोलनवॉटर टाकून आणलं होतं, बाहेर उभं राहून दोन लांब श्वास भरून घेतले होते, तरी उंबऱ्यातच पोटातलं गळ्याशी आलं. मुताचा वास मला ओळखता येत होता. पण त्याच्याखाली आणखी एक होता, गोडसर, नासलेल्या पपईसारखा, आणि वरून कोणीतरी मनसोक्त शिंपडलेल्या पावडरीचा. मार्चअखेरचं ऊन वर पत्र्यावर तापत होतं आणि खोलीची एकुलती एक खिडकी बंद होती.

"कोण, हेमा का?" खाटेवरून आवाज आला.

"सलाम, बाई. मीच."

"आज मंगळवार. तुझा वार."

"हो," म्हणाले आणि आधी जाऊन खिडकी उघडली.

मला किळस फार. लहानपणापासूनच. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने बोटं चाटली तरी माझं जेवण संपायचं. शाळेत रोज सकाळी मुलींची नखं तपासायची, शेंबडी पोर समोर आली की आधी नळावर पिटाळायची आणि मग हजेरी घ्यायची. माझ्या माघारी मुली मला फिनेलबाई म्हणत, हे मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानही होता.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि आमच्या चर्चच्या महिला मंडळाची सेक्रेटरी होते. रिबकाबाई आमच्या गावच्या बायबलबाई. म्हणजे मिशनने नेमलेल्या, वाड्यावस्त्यांवर पायी फिरून बायकांना ख्रिस्ताची गोष्ट सांगणाऱ्या, भजनं शिकवणाऱ्या. त्यांनी सांगितलं त्यापेक्षा केलं जास्त. बाळंतपणं केली, पटकीच्या साथीत ज्यांच्या घरचेही पळून गेले त्यांची घाण काढली. माझा जन्म त्यांच्याच हातावरचा. लग्न त्यांनी केलं नाही. म्हातारपणी चर्चच्या मागच्या कंपाउंडात एका खोलीत एकट्या राहत होत्या. त्या फेब्रुवारीत त्यांना झटका आला आणि डावी बाजू गेली. महिनाभर भाची येऊन राहिली. तिला सासरचं बोलावणं आलं, तेव्हा मंडळाने ठराव केला की रिबकाबाईंची सेवा आपण करायची. सहा बायका, सहा वार. सोमवार अध्यक्षीणबाई कुसुमताई आढावांचा, मंगळवार माझा, आणि असं शनिवारपर्यंत. रविवारी पाळकसाहेब येऊन प्रार्थना करणार. ठरावाचा मसुदा माझाच होता. त्यात 'ख्रिस्ताच्या प्रीतीने' हे शब्द मी दोनदा घातले होते.

तो माझा दुसरा मंगळवार. चमच्याने सूप पाजायला बसले. रिबकाबाईंचं तोंड डावीकडे उतरलेलं. आत गेलेल्यातलं निम्मं त्या कोपऱ्यातून परत यायचं आणि हनुवटीवरून गळ्यात ओघळायचं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत अंदाजाने चमचा पुढे करत होते.

"मी इकडं आहे," रिबकाबाई म्हणाल्या.

"हो बाई. गरम आहे का बघत होते."

त्या दिवशी माझ्यावर आणखी एक कामगिरी होती. आदल्या रविवारी पाळकसाहेब प्रार्थनेला आले तेव्हा रिबकाबाईंनी त्यांना सांगितलं होतं की ईस्टरला मला चर्चमध्ये यायचंय, वेदीच्या कठड्याशी जाऊन प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायचाय. झालं. सोमवारी संध्याकाळी मंडळाची तातडीची बैठक बसली. ईस्टरला पुण्या-मुंबईहून लेकीसुना येतात, नवे कपडे, लहान मुलं, वर पंखे फिरणार आणि खाली रिबकाबाई. कोणी वास हा शब्द उच्चारला नाही. "त्यांना झेपणार नाही हो," असं प्रत्येकीने एकेकदा म्हटलं. शेवटी कुसुमताई म्हणाल्या, "पारखेबाई, उद्या तुमचा वार. तुम्ही बोलण्यात हुशार आहात. नीट समजावा त्यांना."

मी समजवायला लागले.

"बाई, ईस्टरचं म्हणत होता तुम्ही. पण पायऱ्या उंच आहेत. शिवाय ऊन."

"खुर्चीत बसवून उचला. कंपाउंडातला येसूदास अन् त्याचा भाऊ उचलतील. वजनाला मी आता काय राहिले?"

"पाळकसाहेब इथेच आणून देतो म्हणालेत. तुम्ही निवांत पडल्या पडल्या घ्या."

"एकटीनं पडल्या पडल्या खायचं त्याला भोजन म्हणतात का? पंगतीत बसायचंय मला." बोलताना त्यांना दम लागत होता, पण थांबत नव्हत्या. "चाळीस वर्षं लोकांना हाताला धरून त्या कठड्यापाशी नेलं. तुझ्या आजीला मी नेलं. तुझ्या आईला नेलं. आता मला एकदा न्या अन् मग काय व्हायचं ते होऊ दे."

"तुमच्या तब्येतीसाठीच म्हणतोय आम्ही."

त्यांनी उजवा डोळा माझ्यावर रोखला. डावा अर्धा मिटलेलाच असायचा.

"वास येतो म्हणून नको म्हणताय ना?"

मी चमचा वाटीत ठेवला. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण त्या वासात बसून नाही म्हणणं मला जमलं नाही.

"मग अंघोळ घाल की मला," रिबकाबाई म्हणाल्या. "घाण आहे ती धुतली की जाते."

"काल कुसुमताईंनी घातली असेल ना?"

"नाय."

"मग शनिवारी?"

"भाची गेल्यापासून कोणी नाय घातली. तोंड पुसतात. पावडर लावतात. वेणी घालतात, चादर घालतात. मग प्रार्थना करतात. गुरुवारच्या विमलची प्रार्थना लई लांब असते."

मला संताप आला. या बायका दर शनिवारी वेदीवरची फुलं लावण्यावरून भांडतात, कोणाची माळ लांब आणि कोणाची आखूड म्हणून रुसतात, आणि एका म्हातारीला आठवडाभर पाणी लावू नये? बैठकीत हात वर करून सेवा मागून घेतली होती यांनी. मी मनातल्या मनात पुढच्या बैठकीचं भाषण रचायला लागले. चांगलं सडेतोड भाषण होतं. रचता रचता पिशवीतून मी आणलेली स्वच्छ चादर काढली.

त्या चादरींबद्दल सांगायला हवं. आमचं मंडळ चादरी शिवायचं. पांढरं मांजरपाट, कडेने बारीक भरतकाम, खळ घालून कडक इस्त्री, आणि कोपऱ्यात जिने शिवली तिची आद्याक्षरं लाल दोऱ्याने. त्या चादरींचं आमच्याकडे फार कौतुक. लग्नात द्यायच्या, पाहुण्यांसाठी काढायच्या. रिबकाबाईंच्या सेवेसाठी प्रत्येकीने आपली एक आणायची, असं ठरलं होतं. रोज ताजी चादर.

"बाई, मी तुम्हाला कुशीवर करते," म्हणाले. रुमाल दातात धरला, त्यांच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घातले आणि भिंतीकडे वळवलं. त्या कण्हल्या. वरची चादर कुसुमताईंची, कोपऱ्यात 'कु. आ.' दिसलं. मधोमध पिवळा, कडेने तपकिरी डाग. मी दोन बोटांच्या चिमटीत कोपरा धरून ओढली.

खाली आणखी एक चादर होती. शनिवारच्या बाईंची. ती पहिलीपेक्षा ओली. तिच्याखाली शुक्रवारची. मी चिमटी सोडली आणि आख्खा हात घातला, कारण आता त्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. ओल्या पापडाचे थर सुटे करावेत तशा त्या फाडत सोडवाव्या लागल्या. गुरुवारची विमलची. तिच्यात गुवाचे सुकलेले पापुद्रे. बुधवारची. बुधवारच्या घडीत मुंग्या. प्रत्येकीने आपली स्वच्छ, इस्त्रीची, भरतकामाची चादर आदल्या घाणीवर नीट पसरली होती आणि कडा गादीखाली खोचल्या होत्या. खालची काढायची तर हात लावावा लागला असता.

बुधवारच्या खाली सहावी होती. ती आता पांढरी म्हणता आली नसती. कोपऱ्यात 'हे. पा.'

हेमलता पारखे. गेल्या मंगळवारी मी घातली होती. घालताना खाली कुसुमताईंची सोमवारची ओली चादर हाताला लागली होती, हे मला त्या क्षणी लख्ख आठवलं. तेव्हा मी काय मनाशी म्हटलं होतं तेही आठवलं. उद्याची बाई काढेल. मग मी गळ्याभोवती पावडर लावली, छान प्रार्थना केली आणि घरी जाऊन साबणाने तीनदा हात धुतले.

सातवी, सगळ्यात खालची, कुसुमताईंची सोमवारची, मी ओढली आणि तिच्याबरोबर कातडी आली. रिबकाबाईंच्या माकडहाडाशी तळहाताएवढी जखम होती. तिच्यात काहीतरी हललं.

मी बाहेर धावले आणि नळापाशी ओकले. सूप मी प्यायले नव्हते, पण मला वाटलं तेच बाहेर पडतंय. ओकणं थांबलं तेव्हा तोंडही न धुता तशीच कुसुमताईंकडे गेले. त्यांचं घर कंपाउंडाच्या पलीकडेच. त्या स्वयंपाकघरात बदामाच्या गोळ्याची ईस्टरची अंडी करत होत्या. ताटात गुलाबी, पिवळी, पोपटी अंडी ओळीने मांडलेली.

"सात चादरी आहेत," मी म्हणाले. "एकावर एक. काढलीच नाही कोणी एक. खाली जखम झालीय, त्यात किडे आहेत."

त्यांच्या हातातलं अंडं तसंच राहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पालिकेच्या झाडूवालीला बोलवू. ती करेल. तिला सवय असते."

"आत्ता?"

"उद्या सकाळी येईल ती."

"कुसुमताई, किडे आहेत."

"हेमाताई," त्या म्हणाल्या, आणि ताटातली अंडी उगाच सारखी करायला लागल्या, "आपल्या आज्यांनी आयुष्यभर हेच केलं. ढोरं ओढली, घाण उपसली. आपण शिकलो, त्यातून बाहेर आलो. आता परत आपणच हात घालायचा का? ते गेलं ना आपल्या मागचं? मला नाही जमणार. मारलंत तरी नाही जमणार."

मलाही नेमकं हेच वाटत होतं. माझ्या आजीने मेलेली जनावरं ओढली होती. आईने मला हे एकदाच सांगितलं, तेही दार लावून. तिने पुढचं सगळं आयुष्य घासण्यात घातलं. भांडी, फरशी, आम्हा भावंडांच्या माना. खळ घातलेली पांढरी चादर आमच्या घरी नुसती चादर नव्हती. आम्ही कुठून निघालो आणि कुठे पोचलो ते तिच्यावर लिहिलेलं होतं. कुसुमताईंची मला चीड आली, पण त्या खोटं बोलत नव्हत्या. त्याने जास्तच चीड आली.

"मग पाणी तरी तापवा," मी म्हणाले.

परत खोलीत आले. रिबकाबाई भिंतीकडे तोंड करून तशाच पडल्या होत्या, मी सोडून गेले तशा, पाठ उघडी. त्या पाठीवर माशा. स्वतःचा एवढा तिटकारा मला ना त्याआधी कधी आला, ना त्यानंतर.

"आलीस का?" त्या म्हणाल्या.

"बाई, तुम्ही बोलला का नाहीत? एकदा ओरडून सांगायचं होतं आम्हाला."

"काय सांगू? विमल चादर घालताना रडत होती. एवढ्या मायेनं घातली. तिला कसं म्हणू, खालची काढ गं?" मग म्हणाल्या, "अन् बोलले असते तर तुम्हाला लाज वाटली असती. लाज वाटली की माणसं यायची बंद होतात. मी चाळीस वर्षं घरोघर फिरलेय, मला ठाऊक आहे ते. घाणीत पडलेलं चालतं पोरी, पण दिवसभर दाराकडं बघत पडायचं लई जड जातं."

दारात बादली ठेवल्याचा आवाज आला. कुसुमताईंनी गरम पाणी आणलं होतं. त्या आत आल्या नाहीत. मी बादली रिकामी करून बाहेर ठेवायची, त्या भरून आणून ठेवायच्या. अशा चार बादल्या झाल्या. चौथ्या खेपेला त्यांचा पदर डोळ्यांना होता की नाकाला, ते मला दारातून कळलं नाही.

अंघोळीचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगते की सेवेत मन पवित्र होतं, अंतःकरण भरून येतं, असं जे वेदीवरून सांगतात तसलं मला काहीही झालं नाही. मधेच दोनदा उठून बाहेर जावं लागलं. पहिली अर्धी बादली होईपर्यंत मी चिमटीनेच फडकं धरत होते. मग चिमटीने काही होत नाही हे कळलं आणि सगळा हात घातला. नखांत गेलं, बांगड्यांत अडकलं. मी रडत होते, पण दयेने नाही, किळसेने. रिबकाबाई मला सांगत होत्या, आता मांडीच्या घडीत पूस, आता टाच उचल, फडकं पिळून घे, घासू नको, टिप. हे काम त्यांनी शेकडो जणांचं केलेलं. एखाद्या नवख्या नर्सला शिकवावं तशा शिकवत होत्या. संध्याकाळी मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. त्यांनी जखम साफ केली, औषध भरलं, आणि जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. ती शाबासकी नव्हती.

सातही चादरी मी परसात नेऊन रॉकेल ओतून जाळल्या. माझीही.

पुढे रिबकाबाई तीन महिने जगल्या. मंडळाच्या बायकांनी एकेक करत हात लावायला सुरुवात केली. कोणी ओकलं, कोणी नाही. कुसुमताई शेवटपर्यंत पाणीच तापवत राहिल्या. मला लोक अजून विचारतात, सवय झाली असेल ना तुम्हाला? नाही झाली. शेवटच्या मंगळवारीही दाराशी माझं पोट तसंच ढवळलं होतं.

पण मला सांगायचंय ते त्या ईस्टरचं.

शनिवारी मी पाळकसाहेबांकडे गेले आणि सांगितलं की उद्या रिबकाबाईंना आणतोय. घोरपडे पाळक माणूस वाईट नव्हता. आवाज गोड, पांढरा झगा कायम स्वच्छ, आणि प्रवचन ऐकताना म्हाताऱ्यांनाही झोप येत नसे. आदल्याच रविवारी त्यांनी सेवेवर पाऊण तास प्रवचन दिलं होतं. मी सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मी त्यांच्या खोलीत जाऊन देतो ना. खास त्यांच्यासाठी वेगळा पेला नेतो."

"त्यांना सगळ्यांबरोबर घ्यायचंय."

"पारखेमॅडम, मंडळीचाही विचार करायला हवा."

"त्यांनी अंघोळ केलीय, साहेब. रोज करतायत."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मंगळवारपासून घासून घासून ते लाल झाले होते. "बरं," ते म्हणाले. "मग अगदी शेवटी आणा. सगळ्यांचं झाल्यावर."

रविवारी येसूदास आणि त्याच्या भावाने रिबकाबाईंना खुर्चीत उचलून आणलं. पांढरं लुगडं, धुतलेले केस, गळ्यापर्यंत गुंडाळलेली शाल. मी शेजारी बसून त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर धरलं होतं. डोकं तोलत नव्हतं त्यांचं. वास होताच. औषधाचा, आणि औषधाच्या खालून तो पपईचा. जखम काही पाच दिवसांत भरणार नव्हती. पहिल्या गीताला आमच्या बाकावर सहाजण होते. दुसऱ्या गीताला आम्ही दोघीच. मुंबईहून आलेल्या एका सुनेने मुलाच्या नाकावर रुमाल धरला आणि मलाच बघून ओशाळं हसली. रिबकाबाईंना ते दिसत होतं. त्या अर्ध्या तोंडाने गात होत्या.

प्रभुभोजनाला रांगा उठल्या. लोक कठड्याशी गुडघे टेकून घेऊन परतले. कुसुमताई गेल्या, विमल गेली, सगळ्या गेल्या. मी उठले नाही, कारण उठले असते तर डोकं पडलं असतं. चर्च परत जागेवर बसलं तेव्हा येसूदासने खुर्ची कठड्याशी नेली आणि मागून त्यांचं डोकं धरलं. मी बाजूला गुडघे टेकले. मागे दीडशे माणसं आमच्या पाठीकडे बघत बसलेली.

पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा आधी त्यांना दिला, मग मला. मग पेला घेऊन आले. आमच्या चर्चमध्ये पेला एकच, चांदीचा, मिशनच्या काळातला. सगळ्यांनी त्यातूनच प्यायचं. ते रिबकाबाईंसमोर थांबले, मग एक पाऊल सरकून माझ्यासमोर आले आणि वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "आधी तुम्ही घ्या."

मला इतकं बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? मी हात वर केलासुद्धा. शेजारी रिबकाबाई तोंड उघडून वाट बघत होत्या. डावीकडून लाळेची तार शालीपर्यंत आली होती, आणि न चावलेला भाकरीचा तुकडा जिभेवर दिसत होता. पेला आपल्या समोरून पुढे गेला हे त्यांना कळलं होतं. त्यांनी तोंड मिटलं. मिटताना फार जपून मिटलं, आवाज होऊ नये असं. माणसाने आपली जागा ओळखून पंगतीतून उठावं तसं.

"बाई मोठ्या आहेत," मी म्हणाले. "आधी त्यांना."

"मॅडम," ते कुजबुजले.

"आधी त्यांना, साहेब." हे मी कुजबुजले नाही. पहिल्या तीन बाकांना ऐकू गेलं असणार.

पेला रिबकाबाईंच्या ओठांना लागला. त्या प्यायल्या. जेवढं आत गेलं त्यातलं पुष्कळ डाव्या कोपऱ्यातून परत पेल्यात आलं, लाळेसकट, भाकरीच्या चोथ्यासकट. त्यांना ठसका लागला. मग त्या शांत झाल्या, आणि उजव्या डोळ्यातून पाणी आलं. पाळकसाहेबांनी पांढऱ्या रुमालाने पेल्याची कड पुसली. फिरवून परत पुसली. आतलं पुसता येण्यासारखं नव्हतं.

पेला माझ्यासमोर आला. मी आत बघितलं. बघायला नको होतं. द्राक्षारसावर फेस होता आणि चोथा हळूहळू गोल फिरत होता. मी पेला दोन्ही हातांनी धरला, डोळे उघडेच ठेवले आणि प्यायले. कोमट होतं. तार होती त्यात, ती घशात अर्धी आत अर्धी बाहेर अडकली. मी दात मिटून दुसऱ्यांदा गिळलं तेव्हा गेली. कसलीही ज्योत पेटली नाही. किळस आली, फक्त किळस, पायाच्या अंगठ्यापर्यंत.

आमच्याकडे एक नियम आहे. वेदीवरचा द्राक्षारस उरला तर तो ओतून द्यायचा नाही. पाळकाने तिथेच, मंडळीसमोर, पेला पिऊन रिकामा करायचा. पाळकसाहेब माझ्याकडे बघत होते. मी सगळं संपवीन, असं त्यांना वाटत असावं. मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं, कारण रिबकाबाईंसाठी तेवढं मी केलं असतं.

मी एक मोठा घोट मुद्दाम ठेवला आणि पेला त्यांच्या हातात दिला.

ते उभे राहिले. पेल्यात बघितलं. रिबकाबाईंनी मान कशीबशी उचलली आणि वर त्यांच्याकडे बघितलं, आपल्या घरी जेवायला बसलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं. पाळकसाहेबांनी डोळे घट्ट मिटले आणि पेला ओठांना लावला. मागे काहीजणांनी माना लववल्या. त्यांना वाटलं, साहेब प्रार्थना करतायत.